करंजीची फ्रेंच मावसबहीण

द्वितीय वर्ष, कला

प्रथम वर्षाचा शेवटचा पेपर टाकून आम्ही चौघी मैत्रिणी परीक्षागृहाबाहेर आलो तेव्हा एप्रिलचे ऊन मी मी म्हणत होते. पेपर बरा गेला होता, निदान तसे म्हणायला कोणाची हरकत नव्हती, आणि चौघींच्या पाकिटांत मिळून 200 रुपये होते. एकीने टूम काढली, त्या नव्या दुकानात जायचे. रत्नागिरीत अलीकडे अशी दुकाने निघाली आहेत. आत गारवा, मंद दिवे, काचेच्या कपाटात मांडलेले पदार्थ आणि प्रत्येकापुढे नावाची लहानशी पाटी. नाव वाचून पदार्थ कळत नाही आणि पदार्थ पाहून नाव उच्चारता येत नाही. आम्ही बोटानेच एक दाखवला. अर्धचंद्राच्या आकाराचा, वर बदामाचे काप, त्यावर पिठीसाखर. किंमत 170 रुपये. एकच घेतला आणि चौघींत वाटला.

माझ्या वाट्याचा तुकडा मी तोंडात घातला. तो कुरकुरत मोडला, पापुद्रे सुटले आणि आतले मऊ, गोड सारण जिभेवर आले. माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, हे तर साट्याचे आहे!"

तिघी खळखळून हसल्या. "तुला काय, सगळीकडे दिवाळीच दिसते," एक म्हणाली. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी बोलले ते अडाणीपणाचे होते की खरे होते? याचा निकाल लावायचा म्हणून मी तो पदार्थ, किंवा त्याच्या घराण्यातला एखादा, घरी करून पाहायचा ठरवला. या उद्योगाला सगळे वर्ष लागले. त्यातून मला जे पटले ते या अंकात मांडावे असे वाटते. हा पाककृतीचा लेख नव्हे. वाचकांनी हात धुऊन बसण्याची गरज नाही.

साटा म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको, पण वसतिगृहात राहणाऱ्या बंधूंसाठी सांगते. तूप ताटात घेऊन तळहाताने फेसायचे. ते पांढरे आणि हलके झाले की त्यात तांदळाची पिठी मिसळायची. हा झाला साटा. मग तीन पातळ पोळ्या लाटून, प्रत्येकीवर साटा माखून, एकीवर एक ठेवायच्या. त्यांची घट्ट वळकटी करून तुकडे कापायचे, तुकडा दाबून पारी लाटायची, सारण भरायचे, कडेला मुरड घालायची आणि मंद आंचेवर तळायची. तुपात पडल्यावर पदर सुटू लागतात आणि करंजी फुलासारखी उमलते. चिरोटेही याच विद्येतले.

आता फ्रेंच लोक काय करतात ते पाहा. ते मैद्याच्या पिठात थंड लोण्याची एक लादीच गुंडाळतात. मग ती लाटायची, तिची तिहेरी घडी घालायची, थंड जागी विसावा द्यायचा, पुन्हा लाटायची, पुन्हा तिहेरी घडी. असे 6 वेळा. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. एकाला तीनाने सहा वेळा गुणत गेले की 729 येतात. इतके लोण्याचे थर एका बोटभर जाडीच्या पिठात बसतात. भट्टीची धग लागली की पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती वर जाऊ पाहते आणि पदर उचलते. मधे लोणी असल्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. आमच्या साट्यातही हेच घडते, फरक थोडासाच आहे. लोण्यात शेकडा 15-16 भाग पाणी असते, तुपात ते जवळजवळ नसतेच. म्हणून फ्रेंच पापुद्रा वाफेने उंच फुलतो आणि हवेसारखा हलका होतो, तर साट्याचा पापुद्रा कमी फुलतो पण अधिक खुसखुशीत लागतो. आणि ज्यांना हे सगळे फार परके वाटत असेल त्यांनी उद्या सकाळी चहात बुडवण्यापूर्वी हातातली खारी नीट पाहावी. ती याच कुळातली आहे.

तेव्हा माझे वाक्य अगदीच खोटे नव्हते. पण म्हणून 'हे सारे आमच्याकडे आधीपासून होतेच' अशी आरोळी मारायची का? ती सवय आपल्याला आहे. विमानापासून साबणापर्यंत सर्व काही आमच्या पूर्वजांनी केले होते असे सांगणारे वक्ते प्रत्येक गावात असतात. करंजी ही करंजी आहे आणि फ्रेंच पेस्ट्री ही पेस्ट्री आहे. त्या सख्ख्या बहिणी नव्हेत. फार तर मावसबहिणी म्हणता येतील. दोघींची नाके सारखी आहेत, संसार मात्र वेगळे आहेत.

गंमत अशी, की ज्याला आपण फ्रेंच म्हणतो तेही पुरते फ्रेंच नाही. तो अर्धचंद्र मूळचा ऑस्ट्रियाचा. व्हिएन्नात 'किप्फेर्ल' नावाचा चंद्रकोरीचा पाव फार पूर्वीपासून होत असे. 1838-39 च्या सुमारास ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तेव्हा तो पॅरिसकरांच्या तोंडी बसला. पापुद्र्यांचे पीठ त्याला फ्रेंचांनी पुढे दिले. आजही फ्रेंच भाषेत या जातीच्या पदार्थांचे नाव व्हिएन्नावरूनच पडलेले आहे. 1683 मध्ये तुर्कांचा व्हिएन्नाचा वेढा उठला, त्या आनंदात चंद्रकोरीचा पाव केला, अशी एक गोष्ट सांगतात, पण ती दंतकथा आहे. बदाम भरलेल्या अर्धचंद्राची जन्मकथा तर मला फारच आवडली. आदल्या दिवशीचे उरलेले अर्धचंद्र वाया जाऊ नयेत म्हणून ते साखरेच्या पाकात भिजवायचे, त्यांत बदामाचे सारण भरायचे आणि पुन्हा भाजायचे. म्हणजे मूळ रिवाज पाहिला तर हा शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याचा भाऊ! पॅरिसच्या बेकरीवाल्याची काटकसर आणि आमच्या आजीची काटकसर यांत मला तरी फरक दिसत नाही.

त्या बदामाच्या सारणाचा एक प्रकार आहे, त्याचे नाव 'फ्रांजिपान'. ते एका इटालियन घराण्याच्या नावावरून आले आहे. त्या घराण्याच्या नावाने एक सुगंध प्रसिद्ध होता, आणि तसाच वास येतो म्हणून युरोपियनांनी आपल्या देवळापुढच्या चाफ्यालाही तेच नाव दिले. दाराशी चाफा असूनही हा संबंध मला ठाऊक नव्हता.

आणि आपल्या ताटात तरी काय आपले आहे? पाव पोर्तुगीज शब्द. बटाटा तसाच. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, नावासकट. ज्याच्या नावावर रत्नागिरी जगभर मिरवते तो हापूस आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराचे नाव लावतो. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कोणी कोकणकर 'हे परक्याचे आहे, आमच्या अंगणात नको' म्हणून अडून बसला असता, तर आज आपण कोणत्या बागांचा अभिमान धरला असता? तेव्हा परके म्हणून नाक मुरडणाऱ्यांचे म्हणणेही मला पटत नाही. परका पदार्थ आपलासा करायला पिढ्या लागतात एवढेच.

आता माझ्या उद्योगाकडे वळते.

अर्धचंद्राला यीस्ट लागते आणि दोन-तीन दिवसांची उस्तवार लागते, म्हणून मी त्याचा नाद सोडला. त्याऐवजी 'पिथिव्हिए' निवडला. पॅरिसच्या दक्षिणेला याच नावाचे गाव आहे. पापुद्र्याच्या दोन गोल पाऱ्या, मधे बदामाचे सारण, कडेला नक्षी, वरच्या पारीवर सुरीने ओढलेल्या वळणदार रेघा. यीस्ट नाही. करंजीशी नाते जुळवायचे तर हीच जवळची वाटली. याच पदार्थाला फ्रान्समध्ये 6 जानेवारीच्या सणाला 'राजांची पोळी' म्हणून मान मिळतो. त्या दिवशी सारणात एक लहानशी वस्तू लपवतात, घरातले सर्वांत धाकटे पोर टेबलाखाली बसून कोणता तुकडा कोणाला ते सांगते, आणि ज्याच्या तुकड्यात ती वस्तू निघेल त्याला कागदी मुकुट घालतात. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासात मात्र जी पोळी येते तिच्यात काही लपवलेले नसते, कारण प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाने राजा होणे बरे दिसत नाही!

पहिला प्रयत्न मे महिन्याच्या सुट्टीत केला. तो पार फसला. लोणी 32 ते 35 अंशांना वितळते आणि आमच्या पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात त्याहून कमी असते कधी? पहिली घडी कशीबशी झाली. दुसऱ्या घडीला लाटण्याच्या दोन्ही बाजूंनी लोणी बाहेर आले आणि पोळपाटावर ओघळू लागले. शेजारच्या काकूंच्या फ्रीजकडे माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. शेवटी पिठाचा चिखल घेऊन मी बसले असताना आई कामावरून आली.

"अगो बाय," ती म्हणाली, "तुला कॉलेजात कशाला धाडली? चुलीपुढनं उठावीस म्हणून. तू पैसे खर्चून परत चुलीपुढंच येऊन बसलीस?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. माझ्या वयाची असताना आई काजूच्या कारखान्यात लागली होती. तिच्या प्रश्नात राग कमी होता, भीती जास्त होती. ती मला कळत होती, म्हणून मी गप्प बसले. पण आईच ती. हात धुऊन आली, चिखलाकडे पाहिले, बोटाने चाचपला आणि म्हणाली, "नुसत्या लोण्याला पाय फुटतात. त्याला पिठीचं दावं लावावं लागतं."

आता या एका वाक्यात किती शास्त्र आहे पाहा. थंड देशातल्या माणसाने लोणी लोण्याच्याच रूपात पदरात बसवले, कारण त्याचे हवामान त्याला साथ देत होते. आमच्या बायकांपुढे उन्हाळा होता, दमट हवा होती आणि फ्रीज नव्हता. तेव्हा त्यांनी तूप पिठीत बांधले. पिठी तूप धरून ठेवते, वाहू देत नाही, कणकेत मुरू देत नाही, आणि तांदळात चिवटपणा नसल्यामुळे पदर अलग राहतात. साटा ही गरिबाची तडजोड नव्हे, तर गरम देशात पापुद्रे कसे साधायचे या प्रश्नाचे ते नेमके उत्तर आहे. हे उत्तर कोणी शोधले? त्या बाईचे नाव नाही, गाव नाही, साल नाही.

दुसरा प्रयत्न या जानेवारीत केला. हवा जरा निवली होती. या वेळी निम्मे लोणी आणि निम्मे तूप घेऊन त्याचा साटा केला, म्हणजे वाफही मिळावी आणि दावेही राहावे. सारणाचे फ्रेंच प्रमाण पाठ करायला सोपे आहे. लोणी, साखर आणि बदामाची पूड प्रत्येकी 100 ग्रॅम आणि 2 अंडी. सगळे समसमान. अडचण होती ती बदामाची. बदाम म्हटले की आमच्या वाडीतल्या पोरांना शाळेच्या आवारातले मोठ्या पानांचे झाड आठवते. त्याची फळे दगडाने फोडून आतला काडीएवढा गर खायचा. त्या झाडाचा आणि खऱ्या बदामाचा काही संबंध नाही हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. खरा बदाम बाजारात येतो तो बहुतेक कॅलिफोर्नियाहून, आणि आमच्या घरी तो परीक्षेच्या दिवसांत रात्री मोजून चार भिजवायचा एवढीच त्याची ओळख. मी बदाम पाव वाटी घेतले आणि उरलेली भर काजूच्या तुकड्याने केली. यात मी काही नवल केले नाही. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी नाताळातली बदामाची मिठाई केव्हाच काजूची करून टाकली आहे.

भट्टी घरात नव्हती. कुकरमध्ये मीठ घालून भाजून पाहिले, तर खाली करपले आणि वर पांढरेच राहिले. तेव्हा पत्रा घेऊन वाडीजवळच्या जुन्या बेकरीत गेले. पूर्वी घरोघरच्या बायका पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजायला जात, ती पद्धत आता जवळजवळ मोडली आहे. बेकरीवाले चाचा म्हणाले, "तुझी आजी यायची पत्रे घेऊन. पावाची आग उतरू दे, मग ठेव." पाऊण तासाने त्यांनी पत्रा बाहेर ओढला. वरची पारी दोन बोटे उचलली होती आणि तिला तांबूस रंग आला होता. चाचांनी कडेचा एक पापुद्रा मोडून तोंडात टाकला आणि निर्णय दिला, "खारी आहे. आत काय भरलंस?"

मी साटा म्हटले होते, ते खारी म्हणाले. ज्याने त्याने आपल्या हातच्या विद्येने तो परका पदार्थ ओळखला.

घरी येऊन आम्ही 'राजांची पोळी' साजरी केली. लपवायला मी सारणात एक अख्खा काजूगर घातला होता. टेबल नाही, म्हणून धाकटा भाऊ खाटेखाली शिरला आणि तिथून नावे पुकारू लागला. गर आईच्या तुकड्यात निघाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आईने तो दोन बोटांत धरला, उजेडाकडे करून पाहिला आणि म्हणाली, "दोनशेचाळीसचा आहे. एवढा चांगला गर तुकड्यात घातलात?"

आम्ही हसलो खरे, पण मला रात्रभर ते वाक्य पुरले.

वाचकहो, दोनशेचाळीस म्हणजे काय ते सांगते. अख्ख्या काजूगराची प्रत त्याच्या आकारावरून ठरते. एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, किती गर बसतात तो आकडा त्याचे नाव होतो. 180, 240, 320 असे हे आकडे असतात. गर मोठा असेल तर आकडा लहान आणि भाव जास्त. गर दुभंगला तर भाव उतरतो, तुकडा झाला तर आणखी उतरतो. बी उकडायची, यंत्रावर एकेक ठेवून फोडायची, गर वाळवायचा आणि मग त्याची साल बोटांनी उतरवायची. टरफलातले तेल अंगाला लागले तर कातडी जळते, बोटे काळी पडतात. साल काढणाऱ्या बाईच्या नखाचा जोर अंमळ जास्त झाला की अख्ख्याचा तुकडा झाला. माझी आई गराकडे न पाहता साल काढते आणि पाहिला तर त्याचा आकडा सांगते.

काजूच्या झाडाचाही अभ्यास झालेला आहे, आणि तो व्हायलाच हवा होता. वेंगुर्ल्याला 1957 पासून फळ संशोधन केंद्र आहे, दापोलीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या जातींना वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशी नावे आहेत, आणि बागायतदाराला त्यांचा मोठा उपयोग झाला. म्हणजे झाडाला क्रमांक आहे आणि गराला क्रमांक आहे. फक्त तो गर अख्खा बाहेर काढणाऱ्या हाताला क्रमांकही नाही आणि नावही नाही.

साट्याचेही तेच. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आई रात्री जागून ऑर्डरच्या करंज्या करते. शहाण्यासुरत्या, शिकलेल्या बायका येतात, करंजी मोडून पापुद्रे पाहतात, "वा, काय सुटलेत!" म्हणतात, आणि मग किलोमागे वीस रुपये कमी करा म्हणून अर्धा तास घासाघीस करतात. त्या काचेच्या कपाटापुढे आम्ही चौघींनी 170 रुपये निमूटपणे मोजले. कोणीही भाव केला नाही. केला असता तर आम्हालाच लाज वाटली असती. मी इतरांना कशाला नावे ठेवू? प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. प्रथम वर्षाला आणि द्वितीय वर्षाला, दोन्ही वेळा मी त्यात 'घरकाम' असे लिहिले. कारखाना लिहायला हात धजला नाही, आणि करंज्या करणे हा व्यवसाय असतो हे सुचलेही नाही.

मग फ्रेंचांच्या पापुद्र्याला मान का आणि आमच्या पापुद्र्याला घासाघीस का? 'त्यांचे ते मोठे, आपले ते छोटे' हा गुलामीचा संस्कार आहे, असे म्हणून मोकळे होता येईल. त्यात थोडे तथ्य आहे. पण मला वाटते खरे कारण दुसरे आहे. त्यांनी आपल्या हाताची विद्या लिहून ठेवली. ला व्हारेन नावाच्या आचाऱ्याचे पाकशास्त्राचे पुस्तक 1651 साली छापून निघाले. पुढे आंतोनँ कारेम नावाचा एक मुलगा झाला. गरीब बापाने त्याला लहानपणीच पॅरिसच्या रस्त्यावर सोडून दिले. तो एका खाणावळीत लागला, मग मिठाईच्या दुकानात. तेथून सुटला की तो राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसे, वास्तुशिल्पाची पुस्तके चाळी आणि त्यांतले मनोरे, कमानी पाहून मिठाईचे महाल रची. 1815 मध्ये त्याने पेस्ट्रीवर पुस्तक लिहिले, चित्रे स्वतः काढली. घरात पुस्तक नसलेला मुलगा ग्रंथालयात गेला तो चूल विसरण्यासाठी नव्हे. चुलीवरचे त्याला कागदावर आणायचे होते.

मराठीत असे कोणी केलेच नाही असे नाही. 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापाने किती सासुरवाशिणी तरल्या ते आपण जाणतोच. पण ज्या घरात पुस्तक विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि वाचायला अक्षरओळख नव्हती, त्या घरातल्या विद्येची नोंद कोण करणार? ती हातातून हातात जाते, आणि एका पिढीचा हात मधे सुटला की संपते. आणि तो हात सोडणारी पिढी म्हणजे आम्हीच, पहिल्यांदा महाविद्यालयात आलेली मुले-मुली. आम्हाला चुलीपुढून उठवण्यासाठी आयांनी हाडाची काडे केली, आणि उठताना आम्ही त्यांची विद्या तिथेच टाकून आलो.

मुलींनी चुलीकडे परत जावे असे मी म्हणत नाही. तसा अर्थ कोणी काढला तर तो माझ्यावर अन्याय होईल. शिकण्यासाठी उठलेली मुलगी पुन्हा सक्तीने तिथे बसता कामा नये. माझे म्हणणे एवढेच, की वही घेऊन घटकाभर जाऊन या, आणि मुलग्यांनीही जावे. मी आईचा साटा लिहून घ्यायला बसले तेव्हा तिचे उत्तर ठरलेले, "हाताला कळतं तेवढं तूप." मग मी शेजारच्या वाण्याकडून तोलकाटा आणला. आईने तीन दिवशी तीनदा आपल्या अंदाजाने तूप काढले आणि मी ते तोलले. तिन्ही वेळच्या मापांत दोन-तीन ग्रॅमांपेक्षा जास्त फरक पडला नाही. 'अंदाज' हा शब्द आपण किती हलका वापरतो! आई काट्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे माज्या हाताला पण आकडा आहे म्हणायचा."

स्नेहसंमेलनात पाककला स्पर्धा होते. तिथे इटालियन, मेक्सिकन, फ्रेंच नावांच्या पदार्थांना 'नावीन्या'चे बक्षीस मिळते, आणि मिळू दे. पण आणखी एक बक्षीस ठेवावे अशी माझी सूचना आहे. आपल्या घरातली एक कृती, मग ती साट्याची असो, फणसाच्या साठांची असो की सुक्या मासळीची, माप, वेळ आणि कारण यांसह जो उत्तम लिहून आणील त्याला ते द्यावे. कारण लिहिणे महत्त्वाचे. 'तांदळाची पिठी घाला' असे लिहिणे ही कृती झाली, ती का घालायची हे लिहिले की विद्या झाली. शास्त्र शाखेच्या मित्रांनी त्यातले रसायन सांगावे, वाणिज्यच्या मित्रांनी मजुरीसकट हिशेब मांडून खरा भाव काढावा. आम्ही कला शाखेवाले शब्द पुरवू. असे दहा वर्षे झाले तर ग्रंथालयात एक जाडजूड वही तयार होईल, आणि पुढे कोणी करंजीचा भाव करू लागले तर निदान काय विकत घेत आहोत ते त्याला ठाऊक असेल.

राहता राहिला आईचा प्रश्न. "शिकून परत चुलीपुढंच?" त्याचे उत्तर मी तिला अजून तोंडाने दिलेले नाही. पण येत्या जूनमध्ये तृतीय वर्षाचा अर्ज भरायचा आहे, आणि त्या रकान्यात या वेळी 'घरकाम' असे लिहायचे नाही, एवढे मात्र ठरले आहे. रकाना लहान आहे, दोन ओळी लागतील. बाजूच्या समासात लिहावे लागले तरी लिहीन.